थोरलीचं वजन

वजनकाट्यावरच्या माणसाने खिडकीतून मान बाहेर काढली, आकडा सांगितला, आणि आमच्या घरातली सहाच्या सहा माणसं एकदम गप्प झाली. एरवी आमच्याकडे कोणी श्वास घ्यायला थांबलं तर दुसरा त्याचं वाक्य पळवून नेतो.

“तीन हजार आठशे दहा,” तो पुन्हा म्हणाला. आम्हाला ऐकू आलं नसावं असं त्याला वाटलं. मग त्याने थोरलीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “आत काय भरलंय? खडी?”

खडीच्या डेपोवर दिवस काढणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार. कागदावर थोरलीला परवानगी होती साडेतीन हजारांची. पासिंग सोमवारी, म्हणजे परवा. त्यात वजन जास्त भरलं की नापास, आणि तिच्या वयाच्या गाडीला पुन्हा संधी नाही. नंबर रद्द, आणि मग भंगाराच्या अड्ड्यावर तिचे दरवाजे एका ढिगात, चाकं दुसऱ्या ढिगात.

थोरली हे आमच्या गाडीचं नाव. चारही चाकांना जोर, पाठीवर अख्खं घर. आजी-आजोबांनी ती घेतली तेव्हा बाबांचा जन्मही झाला नव्हता, म्हणून घरातलं पहिलं अपत्य ती आणि बाबा दुसरे. काका तर भांडणात अजूनही ऐकवतो की दादा, उगाच मोठेपणा करू नकोस, तुझ्यावरही एक आहे.

आजी स्टिअरिंगमागून उतरलीच नाही. प्रवासाला निघताना असेल तसंच वजन करायचं ठरलं होतं, पाणी भरून, डिझेल भरून आणि आजीला बसवून. तिने आरशात मागे बघितलं, आम्हा पाचजणांचे चेहरे बघितले, आणि म्हणाली, “काटा किती वाजेपर्यंत उघडा असतो?”

“पाच,” तो माणूस म्हणाला.

“मग येतो आम्ही परत.” आणि तिने गाडी सुरू केली.

एवढंच. आजी अशीच आहे. तिची मोठी बहीण खिंडीच्या पलीकडे राहते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला फोनवर ती आजीला म्हणाली, मी आता फाटकापर्यंतच चालते गं, पुढे पाय नको म्हणतात. आजीने फोन ठेवला, शेडमध्ये गेली आणि आजोबा गेल्यापासून थोरलीवर पडून असलेली ताडपत्री एकटीने ओढून काढली. बहीण फाटकापर्यंत येऊ शकते, तर आपण फाटकापर्यंत जायचं, इतका साधा हिशोब. पलीकडे जाणारा रस्ता म्हणजे दगड आणि चिखल, आणि बर्फ पडलं की तोही बंद. बर्फाला फार दिवस उरले नव्हते.

घरी परतताना मी आजीच्या शेजारी बसले होते. थोरली सवयीप्रमाणे डावीकडे सरकत होती आणि आजी सवयीप्रमाणे स्टिअरिंग उजवीकडे धरून होती. आजीचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा वर असतो. ती चालते, भाजी चिरते, फोटोला उभी राहते, सगळीकडे तसाच. आमची समजूत अशी की ती जन्मालाच तशी आली.

शाळेजवळच्या चढावर तिने दुसरा गिअर टाकला. मागून सायकलवर आलेला एक मुलगा आम्हाला मागे टाकून पुढे गेला. वर त्याने हातही केला.

घरी पोचल्यावर आईने अंगणात जुनी चादर अंथरली, न्हाणीघरातला वजनाचा काटा आणून तिच्यावर ठेवला, आणि म्हणाली, “आता प्रत्येकाने आपापलं बाहेर काढा.”

आपापलं म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. तिथेच कळलं की प्रत्येकाकडे काहीतरी आहे.

यातली गंमत अशी की ही सगळी घडामोड वारांमुळे झाली. काका आणि आत्या एका शेडमध्ये मावत नाहीत. आजोबा गेल्यावर काकाने थोरली विकू या म्हटलं होतं, आत्याने त्याला नाही नाही ते सुनावलं होतं, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. म्हणून आईने वार वाटून दिले. मंगळवार काकाचा, तो वायरिंगची कामं घेतो. बुधवार आत्याचा, तिचं नळजोडणीचं दुकान आहे. गुरुवार आणि शुक्रवार बाबांचे, ते फर्निचर बनवतात. शनिवार आईचा, तिचं शिवणकाम. रविवार माझा, गंज घासण्यासाठी. कोणी कोणाच्या वाटेत आलं नाही, शेडमध्ये आवाज चढला नाही, काम झपाट्याने झालं. छपरातली गळती बंद झाली, कुजलेल्या प्लायच्या जागी नवा प्लाय आला, चाकांवरचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला गेला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या. फक्त अख्खी गाडी कोणी एकदम बघितलीच नाही. प्रत्येकाने आपल्या वारी येऊन, जाता जाता, थोडं काहीतरी जास्तीचं घातलं. एवढ्याशाने काय होतंय, असं म्हणत.

पहिली बाहेर आली आत्याची दुसरी पाण्याची टाकी. बाकाखालची टाकी सगळ्यांना माहीत होती. ही दुसरी मागच्या फळीमागे होती, भरलेली.

“आई एकटी जाणार,” आत्या म्हणाली. ती माझ्याकडे बघून बोलत होती, म्हणजे काकाला सांगत होती. “वाटेत पाणी संपलं तर?”

“तिला सांग,” काका मला म्हणाला, “की वाटेत नदी आहे.”

“त्याला सांग, नदीत अंघोळ कर म्हणावं, मग बोल.”

मी दोघांनाही काही सांगितलं नाही. हे माझ्यात हल्लीच आलंय. मागच्या वर्षापर्यंत घरात मला ‘सावली’ म्हणत, कारण मी कोणाच्या तरी मागे उभी असायचे. मग शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मी एकदा उभी राहिले आणि खाली बसेचना. तेव्हापासून काकाने माझं नाव ‘भोंगा’ ठेवलंय. मला आवडतं.

टाकी रिकामी करून काट्यावर ठेवली आणि आत्याने पाण्याचं वजन तोंडी धरून बेरीज सांगितली. मग मी वाकून सीटखालचं झाकण उघडलं आणि काकाच्या बॅटऱ्या सापडल्या. एक असायला हवी होती, होत्या तीन. आत्याने कमरेवर हात ठेवले. तिच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते बघायला तिकीट लावायला हवं होतं.

“तीन कशाला?” ती म्हणाली, आणि या वेळी सरळ काकाला म्हणाली.

काका खाली बघत होता. नंतर तो मला म्हणाला की त्या क्षणी त्याला खोटं बोलायचं होतं, पंप, फ्रीज, काहीही. पण ताई किती दिवसांनी थेट बोलली होती. तो म्हणाला, “अंधार पडला की तिला दिसत नाही नीट. हल्ली ती जिना उतरताना भिंत धरते. म्हटलं, रात्रभर दिवे चालू राहू देत. सगळे.”

आत्याने कमरेवरचे हात खाली घेतले. तिनेही भिंतीला धरून उतरणारी आजी बघितली होती, आणि म्हणूनच थोरलीतल्या न्हाणीच्या कोपऱ्यात हाताला धरायला लोखंडी दांडा बसवला होता. तो तिने मुकाट्याने दाखवला. लोखंडी, भरीव, नको तितका जाड. दोघांनी मिळून तो सोडवला आणि तेवढ्या वेळात त्यांना माझी गरज लागली नाही.

मग सगळंच भराभर बाहेर येत गेलं. आईची लोकरीची जाड गादी, बाबांचं घडीचं टेबल, ज्याची घडी करायला दोन माणसं लागत. माझा दगडांचा डबा निघाला तेव्हा सगळे हसले. मला वाटलं होतं आजीला वाटेत सोबत होईल. दोन बॅटऱ्या गेल्या, एक राहिली. आई काट्यावरचा आकडा वाचत होती, बाबा पाटीवर खडूने बेरीज करत होते.

शेवटी बाबांनी खडू खाली ठेवला.

“अजून शंभर किलोच्या आसपास जास्त आहे,” ते म्हणाले.

सगळ्यांनी पुन्हा आत बघितलं. आत काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेगडी, बाक, झोपायची फळी. आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात, खालपासून वरपर्यंत, आजोबांचं कपाट.

आजोबा सुतार होते. थोरलीच्या आतलं घर त्यांनी बांधलं. बाकी सगळं वर्षानुवर्षं बदलत गेलं, कपाट मात्र तसंच राहिलं. भरीव लाकूड, गोल केलेल्या कडा, आणि दार मिटताना ऐकू येणारा एक मऊ, भरदार आवाज. आजी निघायचं म्हणाली तेव्हा बाबांनी सर्वांत जास्त विरोध केला होता, आणि शेवटी जेवणाच्या टेबलावर तह झाला तो एका अटीवर. अण्णांच्या कपाटाला हात लागणार नाही. बाबा आजोबांना अण्णा म्हणायचे. आजीने तेव्हा मान हलवली होती.

आता काका छपराकडे बघत होता. आत्या पाईपचा तुकडा हातात फिरवत होती. आई चादरीचा कोपरा सरळ करत होती, जो सरळच होता. सगळ्यांच्या ओठांवर एकच शब्द आणि कोणी म्हणेना.

“कपाट,” मी म्हणाले.

बाबा माझ्याकडे वळले. “तू मध्ये बोलू नकोस.”

“ती आता मध्येच बोलते,” आई शांतपणे म्हणाली. “सवय करून घ्या.”

बाबा म्हणाले की मग छपरावरचं सोलर पॅनेल काढा. काका म्हणाला, पॅनेल काढलं तर उरलेली बॅटरी कशाने भरायची, फुंकर मारून? बाबा म्हणाले, स्टेपनी काढा. या वेळी आत्या काकाच्या बाजूने धावून आली. त्या रस्त्यावर जादा चाकाशिवाय आईला पाठवायचं म्हणजे दादा तुझं डोकं ठिकाणावर आहे का. असं दोघांना एका बाजूला उभं राहिलेलं बाबांनी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं, आणि नेमकं ते त्यांच्या विरुद्ध निघावं, याचा त्यांना फार राग आला. आवाज वाढला. कोण अण्णांजवळ शेवटपर्यंत होतं आणि कोण दुकान सांभाळत होतं, इथपर्यंत गोष्ट गेली. काकाने थोरली विकायला काढली होती, तेही निघालं. मी सारखी आजीकडे बघत होते. ती पायरीवर बसून अंडं सोलत होती, आणि टरफलाचा एकेक तुकडा काढून ताटलीच्या कडेला ठेवत होती.

बाबा म्हणाले, “मग जाऊच नकोस, आई. मावशीला आपण इकडे आणू.”

“फाटकापर्यंत चालणाऱ्या बाईला?” आजी म्हणाली.

तिने अंडं ताटलीत ठेवलं आणि हात पुसले.

“हे कपाट तुझ्या वडिलांनी बांधलं तेव्हा तू माझ्या पोटात होतास,” ती बाबांना म्हणाली. “झाल्यावर मला बघायला बोलावलं. मी आयुष्यभर फिरत्या दवाखान्याची गाडी चालवली, मला बघताक्षणी कळलं. फार जड आहे, आणि सगळं ओझं मागच्या डाव्या चाकावर. पण ते पॉलिशचं फडकं हातात घेऊन दाराशी उभे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, छान झालंय.”

“छानच झालंय,” बाबा म्हणाले.

“झालंयच. मी कुठे नाही म्हणते? त्यांनी बांधलं, मी ओढलं. प्रत्येक चढ दुसऱ्या गिअरमध्ये. ही डावीकडे ओढायची, मी उजवीकडे धरायची. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. त्यांना वाटायचं, ही गाडीच अशी आहे.”

आत्या आजीच्या डाव्या खांद्याकडे बघत होती. मग मीही बघितलं. मग सगळ्यांनीच.

“तू कधीच सांगितलं नाहीस त्यांना?” काकाने विचारलं.

“काय सांगायचं? शेजारी बसून ते नकाशा धरायचे आणि चुकीच्या वळणाला ‘हेच’ म्हणायचे. शेजारी माणूस होतं तोवर कपाट जड वाटलं नाही. आता सीट रिकामी आहे. आता वाटतं.” ती उठली. “मी खिंडीतून जाणार आहे. ते घेऊन जाता येत असतं तर घेऊन गेले असते. येत नाही. तुला शब्द दिला होता, तो मोडते. रागावायचं तर रागव, पण पाचच्या आत.”

बाबा शेडमध्ये निघून गेले.

काका पेचकस घेऊन कपाटाजवळ गेला आणि सगळीकडून हात फिरवून परत आला. त्यात एकही स्क्रू नव्हता. आजोबांनी लाकडात लाकूड अडकवून वरून लाकडाच्याच खुंट्या मारल्या होत्या, आणि खुंट्यांची डोकी घासून अशी सपाट केली होती की बोटाला लागत नव्हती. कोणती आधी निघते आणि कोणती कशाला धरून आहे, काही कळायला मार्ग नव्हता. काकाने शेडच्या बाहेरच्या भिंतीवरची करवत काढली. आत्या म्हणाली, थांब. काका म्हणाला, मग काय करू? ताई, घड्याळ बघ. दोघंही हळू बोलत होते. शेडचं दार उघडंच होतं.

आत बाबा आजोबांच्या सुतारकामाच्या जुन्या बाकासमोर उभे होते. त्यांनी मला नंतर सांगितलं की त्यांना कपाटाचं इतकं वाटत नव्हतं. त्यांना वाटत होतं ते हे, की आजीला हे सगळं माहीत होतं आणि आपल्याला नाही. त्यांनी आयुष्यभर अण्णांसारखं काम करायचा प्रयत्न केला. तितकंच भरीव, तितकंच जाड. गिऱ्हाइकं म्हणायची, छान झालंय. त्यातल्या किती जणांनी घरी नेऊन ते नुसतं ओढलं असेल, देव जाणे. याचं त्यांना एकदम हसू आलं आणि त्या हसण्याचाच राग आला. मग त्यांना बाहेर करवतीच्या पात्याची थरथर ऐकू आली. हातात धरली की ती करते तशी.

“करवत ठेव,” दारातून बाबा म्हणाले.

काकाने ठेवली. इतक्या लगेच की ती त्याला धरायचीच नव्हती हे उघड झालं.

बाबांच्या हातात लाकडी हातोडा आणि एक बोथट खिळा होता. ते थोरलीत चढले, गुडघ्यांवर बसले आणि कपाटाच्या खालच्या कडेवर डोळे मिटून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. खिळा टेकवून त्यांनी अगदी हलकेच एक ठोका दिला. आतून काहीतरी सुटल्यासारखा आवाज आला आणि एक खुंटी पलीकडून बाहेर आली.

“मी पाच-सहा वर्षांचा असताना हे एकदा खोललं होतं,” ते म्हणाले. “मागची भिंत ओली झाली होती म्हणून. अण्णा एकेक खुंटी काढून माझ्या हातात द्यायचे. म्हणायचे, ज्या क्रमाने दिल्या त्याच क्रमाने धर, नाहीतर परत उभं राहणार नाही.” त्यांनी दुसरी जागा शोधली. “एक हरवली होती माझ्याकडून.”

“मग?” मी विचारलं.

“मग त्यांनी मला नवी करायला लावली.”

ती सातवी की आठवी निघाली. बाकीच्या सगळ्या गुळगुळीत आणि सरळ होत्या. ही वाकडी, एका बाजूला चपटी, लहान मुलाने चाकूने तासल्यासारखी. बाबांनी ती तळहातावर घेतली आणि तिच्या चपट्या बाजूवरून अंगठा फिरवला. इतक्या नेटक्या कपाटात आजोबांनी ती वाकडी खुंटी बसवली होती आणि वर पॉलिश केलं होतं. आत्या बाबांच्या पाठीमागे येऊन बसली. “दे,” ती म्हणाली आणि ओंजळ पुढे केली. काकानेही केली. त्यानंतर बाबा काढत गेले, आत्या घेत गेली आणि काका ओळीने चादरीवर लावत गेला. तिघंही खालच्या आवाजात आता ही, नाही, ती वरची, असं बोलत होते. माझं तिथे काही काम उरलं नव्हतं.

फळ्या सुट्या झाल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून त्या उतरवल्या. एकेक फळी काट्यावर ठेवायची कोणाला इच्छा झाली नाही. हातांनाच कळत होतं.

कपाट होतं तिथे मागची भिंत पांढरी आणि उघडी दिसत होती. आजी तिथे उभी राहून म्हणाली की कपडे पिशवीत ठेवीन, त्यात काय. तेवढ्यात आई घरातून एक घडी घेऊन आली. जाड कापडाची, वर कड्या लावलेली. तिने ती भिंतीवर धरली आणि उलगडली तशी तिच्यात कप्पेच कप्पे निघाले. बुटांना, औषधांना, चष्म्याला, नकाशाला. वरच्या कड्या नेमक्या छपराच्या आकड्यांत बसल्या. दोन्ही बाजूंना बोटभरही कापड जास्त नाही, कमी नाही. कपाटाच्या जागेचंच माप होतं ते.

बाबा आईकडे बघत राहिले. “हे कधी शिवलंस?”

“उन्हाळ्यात.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“अहो, मला माप घेता येतं,” आई म्हणाली. “आणि गाडी एका बाजूला कललेली मला दिसते.”

“मग बोलली का नाहीस?”

“सून आहे मी. पोरीने बोलावं म्हणून वाट बघत होते.”

काट्यावरचा माणूस खिडकी लावायच्या बेतात होता. आम्हाला बघून त्याने ती पुन्हा उघडली. आजी गाडी काट्यावर घेऊन गेली, इंजिन बंद केलं आणि समोर बघत बसली. आम्ही बाहेर ओळीने उभे. काकाने आत्याचा हात धरला होता, आणि मला वाटतं दोघांनाही ते कळलं नव्हतं.

“तीन हजार चारशे साठ.” त्याने वाकून आत डोकावून बघितलं. “खडी काढली वाटतं.”

“हो,” आजी म्हणाली. “काढली.”

काकाचं तोंड उघडलं. चाळीस किलो शिल्लक आहेत, एक बॅटरी परत घालू का, एवढ्याशाने काय, इतकं म्हणेपर्यंत आम्ही चौघांनी त्याच्याकडे बघितलं आणि उरलेलं वाक्य तो गिळून बसला.

परत निघताना बाबा पुढे येऊन आजीच्या शेजारी बसले. आजोबांच्या सीटवर. आजोबांनंतर ते तिथे कधी बसले नव्हते, सकाळीही मागे बाकावर बसले होते. मी दोघांच्या मधून डोकं घालून उभी होते. डेपोचं फाटक ओलांडून गाडी सरळ रस्त्याला लागली आणि लगेच उजवीकडे सरकायला लागली. रस्त्याच्या कडेचा वाळूचा ढीग जवळ येत गेला. समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याने हॉर्नवरून हात काढलाच नाही. आजीने घाईने गाडी सावरली, आणि थोड्या अंतरावर पुन्हा तेच.

“काय झालं हिला?” आजी म्हणाली. “चाक वाकडं बसलंय का?”

बाबा तिच्या हातांकडे बघत होते. हात उजवीकडे ओढून धरलेले, खांदा वर.

“आई,” ते म्हणाले, “तू ओढतेयस.”

“काय?”

“ती सरळच चाललीय. तू उजवीकडे ओढतेयस. हात सैल कर.”

आजीने ऐकलं नाही असं मला वाटलं. मग तिने हळूहळू बोटं सैल केली. स्टिअरिंग आपोआप मधे आलं. थोरली रस्त्याच्या मधोमध सरळ चालू लागली, कोणीही न धरता. आजीचे तळवे नुसते टेकलेले होते. तिचा डावा खांदा एकदम खाली आला नाही. थोडा आला, पुन्हा वर गेला, मग परत थोडा खाली आला.

“इतकी हलकी असते गाडी,” ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे.

शाळेजवळचा चढ समोर आला. आजीचा हात गिअरकडे गेला, दुसरा टाकायला. बाबांनी समोरच्या खणातून आजोबांचा घड्या पडलेला नकाशा काढला, मांडीवर उलगडला आणि खिंडीच्या रस्त्यावर बोट ठेवलं. आजीचा हात गिअरच्या दांड्यावर थांबला, मग तिथून निघून परत स्टिअरिंगवर आला. इंजिन थोडं गुरगुरलं आणि थोरली तिसऱ्या गिअरवर वर चढत गेली. सकाळचा तो सायकलवाला पुन्हा पुढे होता. आम्ही त्याला मागे टाकलं आणि मी खिडकीतून त्याला हात केला.